फितूर

पहाटे चारला आर्लिस ट्रेलरचं दार उघडते
आणि डीकन आपण होऊन उतरतो,
मागचे पाय आधी, सवयीचे.
नेवाडात ऑगस्ट म्हणजे दातांतही धूळ.
दोन्ही अंगांनी तागाचे पडदे ताणलेत,
तोंडाशी पाव मैल रुंद, मग नरसाळ्यासारखे निमुळते होत
शेवटाला लोखंडी कुंपणाचा गोल.
गोलाच्या पल्याड एक निळी बादली.
बादलीत ओट.
डीकनला एवढंच ठाऊक आहे.

ठेकेदाराची पोरं त्याला फितूर म्हणतात.
आर्लिसला ते खपत नाही.
फितुराचा मोबदला आधी ठरलेला असतो, म्हणते,
याला फक्त भूक लागते.

अशा जमिनीला आपण गायरान म्हणतो.
नावातच गाय.
घोड्याच्या वाट्याला एक मात्राही नाही.
कायद्याचा शब्द: रानटी.
बेन्यात इन्चाउस्पेचा शब्द: मोकाट.
"माझ्या आजानंच सोडले हे, ट्रॅक्टर आला त्या साली.
विकावे तर भाव नव्हता, मारायला हात धजेना."
दर खेपेला तो हे सांगतो
आणि दर खेपेला शेवटी,
कुणी काही विचारलेलं नसताना,
"माझ्या गायी पैसे भरून चरतात."

कचेरीची टायना झऱ्याच्या कुंडीत हात घालून पाणी मोजते:
चार बोटं.
तिचे शोशोनी पूर्वज इथे गाईच्या आधीपासून,
आणि घोड्याच्याही.
त्याचा रकाना कागदात नाही.
खोऱ्याला झेपतील एकशे दहा,
आहेत तीनशे चाळीस, ती लिहिते.
आणि गायी?
गायींचा तक्ता वेगळा.

मग डोंगराच्या खांद्यावरून तो आवाज.
हेलिकॉप्टर आधी ऐकू येतं, मग दिसतं,
आणि त्याच्याखाली धुळीचा एक लांब, धापा टाकणारा ढग.
ढगाला कान फुटतात. मग माना. मग एक शिंगरू, मागे मागे पडणारं.
आर्लिस डीकनच्या गळ्यात हात घालून
पडद्याआड उकिडवी बसलेली.
थांब. थांब. अजून नाही.
आता.

तो सुटतो आणि बाकीचे त्याच्या मागे.
काय वाटत असेल त्यांना?
हा धावतोय म्हणजे पुढे वाट असणार.
फाटक आदळतं.
मोजून बावीस मिनिटं धूळ खाली बसत नाही.

नेहमी तो गर्दीतून अंग चोरत
बाजूच्या अरुंद दारातून बाहेर येतो.
आज नाही आला.
गोलाच्या कडेला एक म्हातारी घोडी,
पाठ खोल गेलेली, कपाळावर वाकडा पांढरा पट्टा.
डीकनचं नाक तिच्या मानेवर.
ती हलत नाही. तो हलत नाही.
त्याच्या आयाळीखालची पांढरी खूण,
नऊ वर्षांपूर्वी गोठवून उमटवलेले कोन आणि रेघा,
त्यात वर्ष वाचता येतं, राज्य वाचता येतं.
कुणाच्या पोटचा, ते नाही.

ट्रकवाला भोंगा वाजवतो.
टायना वहीत काहीच लिहीत नाहीय.
बेन्यात टोपी काढतो, आतला घाम पुसतो, पुन्हा घालतो,
म्हणतो, "घाई कुणाला आहे?"
त्याच्या गायी त्याच झऱ्याकडे निघाल्यात,
एका रांगेत, कचेरी सुटल्यासारख्या.

आर्लिसला वाटलं, नको वाजवू.
एवढ्या वेळा वाजवली, आज नको.
एकदा तरी बघावं
तो कशाला ओ देतो.

मग तिनं बादली वाजवली.

तो आला.

परतीच्या वाटेवर तिनं रेडिओ लावला नाही.
पेट्रोल पंपावर पावतीच्या मागे लिहिलं:
चौदा तारीख, पलीकडचं खोरं.
ओट, दोन पोती.
आणि खाली, थोडं थांबून,
नवी बादली.
मग तेवढंच खोडलं.